बालसाहित्य, मराठी : विनोदी व कल्पनारम्य

बालसाहित्य, मराठी : विनोदी व कल्पनारम्य : हसविणे आणि कल्पनेला मोकळे रान देणे हेच ज्याचे मुख्य प्रयोजन आहे, असे साधारणतः पाच ते बारा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेले मराठी कथा, काव्य व नाट्य वाङ्मय. यात बोध किंवा माहिती मुळीच नसते असे नाही. मात्र ती आली तर पाहुण्यासारखी येते, यजमान म्हणून बसत नाही. विनोद आणि कल्पकता हे दोन गुण बालसाहित्यात सहसा जोडीने आढळतात, याचे कारण दोहोंचा उगम एकच आहे. मासा झाडावर चढला, या वाक्याला हसू यावयाचे तर मासा पाण्यात असतो, हे आधी पक्के ठाऊक असावे लागते. रशियन कवी व बालवाङ्मयाचे अभ्यासक कर्नेई चुकोव्हस्की (१८८२–१९६९) यांनी दोन ते पाच या ग्रंथात लहान मुलांच्या बोलण्याच्या निरीक्षणातून हाच मुद्दा मांडला : जग उलटे करून पाहण्याचा खेळ मूल खेळते तो जग न कळल्यामुळे नव्हे, तर नुकतेच कळल्यामुळे. म्हणून अशा वाङ्मयाने मुलाच्या वास्तवाच्या जाणिवेला धक्का बसतो, हा जुना आक्षेप टिकत नाही.

मौखिक परंपरा : मराठीत हा प्रकार छापखान्याच्या फार आधीपासून होता. तान्ह्या बाळाला मांडीवर बसवून म्हणावयाची अडगुलं मडगुलं सारखी बडबडगीते, खेळात राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी म्हणावयाच्या मोजण्या, उखाणे व कोडी यांत अर्थापेक्षा नाद पुढे असतो. काऊचिऊच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे म्हणून पावसात वाहून जाते आणि चिमणी दार न उघडण्यासाठी एकामागून एक सबबी सांगत राहते. या सबबी किती वाढवावयाच्या, हे सांगणाऱ्या आजीच्या हाती असते. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला चकविते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. या कथेत दुर्बल, वृद्ध आणि एकटी स्त्री बलवानाची फजिती करते व श्रोते हसतात. तात्पर्य शेवटी कोणीही सांगत नाही. व्रतकथांतील आटपाट नगराची सुरुवातही पुढे बालकथांनी उचलली. या परंपरेचे वैशिष्ट्य असे, की ती बहुतांशी स्त्रियांनी व खेड्यांनी जोपासली. मुद्रित बालसाहित्य मात्र पुरुषांनी, शहरांत आणि शाळेसाठी निर्माण केले. पुढील इतिहासातील पुष्कळसे ताण या एका वस्तुस्थितीत आहेत.

मुद्रित बालसाहित्याचा प्रारंभ : तंजावर येथे सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये बालबोध मुक्तावली हे इसापच्या कथांचे मराठी पुस्तक छापण्यात आले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती आणि बाळमित्र ही पुस्तके सिद्ध केली. त्यांपैकी दुसरे बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या द्वारे आलेले आहे. इसापचे प्राणी मुळात मिस्कील. परंतु पाठ्यपुस्तकात शिरताना त्यांना प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्याचे लोढणे बांधण्यात आले. मिशनऱ्यांचे बालबोधमेवा (१८७३) आणि विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) यांचे बालबोध (१८८१) या मासिकांनी मुलांना स्वच्छ, सुबोध गद्य दिले, हे त्यांचे मोठे कार्य होय. तथापि चरित्र, नीतिपर निबंध आणि शास्त्रीय माहिती यांतच त्यांचे मन रमले. अद्भुताची तहान त्या काळच्या मुलांनी मोठ्यांच्या कपाटातून भागविली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हे भाषांतर मुलांसाठी नव्हते, पण ते मुलांनी वाचले.

युरोपात याच सुमारास परिस्थिती पालटली होती. एडवर्ड लिअर (१८१२–८८) यांचे निरर्थिकांचे पुस्तक १८४६ मध्ये आणि लुईस कॅरल (१८३२–९८) यांची ॲलिसची कथा १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. बंगालीत सुकुमार राय (१८८७–१९२३) यांनी आबोल ताबोल (१९२३) या संग्रहाने ही जातकुळी पूर्णपणे देशी करून दाखविली. मराठीत तोलामोलाचे निरर्थिक काव्य येण्यास त्यानंतर जवळजवळ चार दशके जावी लागली. बंगालीत राय घराण्याचे सन्देश (१९१३) हे मासिक लेखन, चित्र व छपाई या तिन्हींवर एकाच घराची पकड ठेवून होते. तशी सोय मराठीत नव्हती, हे या विलंबाचे एक कारण असावे.

शाळेबाहेरचे मूल : वासुदेव गोविंद आपटे (१८७१–१९३०) यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या आनंद मासिकाच्या नावातच दिशाबदल सूचित होतो. प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांच्या नवयुग वाचनमालेने पाठ्यपुस्तकात खेळकरपणा आणला. याच काळात साने गुरुजींची श्यामची आई (१९३५) प्रसिद्ध झाली आणि मराठी बालवाचनावर तिचा असा काही ठसा उमटला, की चांगले बालपुस्तक म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारे पुस्तक, अशी समजूत घराघरांतून रूढ झाली. त्या पुस्तकाची थोरवी वादातीत आहे. परंतु हसविणाऱ्या पुस्तकाला दुय्यम लेखण्याची सवय याच समजुतीतून बळावली.

या पार्श्वभूमीवर ना. धों. ताम्हनकर (१८९३–१९६१) यांच्या गोट्या व चिंगी या पुस्तकांचे महत्त्व लक्षात येते. गोट्या हा अनाथ मुलगा. असा नायक हाती आल्यावर करुणरसाचा पूर आणणे सहज शक्य होते. ताम्हनकरांनी ते टाळले. गोट्याला आश्रय देणारे घर प्रेमळ आहे, पण भाबडे नाही. गोट्या गुणी आहे, पण आदर्श नाही. विनोद निर्माण होतो तो त्याच्या सरळ बुद्धीने मोठ्यांच्या वाकड्या व्यवहाराला घातलेल्या प्रश्नांतून. चिंगीमुळे खोडकरपणाचा मान मुलीलाही मिळाला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. गंगाधर गाडगीळ (१९२३–२००८) यांच्या लखूची रोजनिशी या पुस्तकाने मुलाच्याच तोंडी निवेदन ठेवण्याची युक्ती वापरली. रोजनिशी लिहिणाऱ्या मुलाला जे विनोदी वाटत नाही तेच वाचकाला विनोदी वाटते, आणि वाचकमूल क्षणभर निवेदकापेक्षा शहाणे ठरते. मुलांना हा मान फार क्वचित मिळतो.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी बालमित्र हे मासिक चालविले (छत्रे यांच्या पुस्तकाशी नामसाधर्म्य असले, तरी वृत्ती अगदी वेगळी), झ्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि ॲलिसला जाईची नवलकहाणी या रूपांतरात मराठी मुलगी बनविले. त्यांची कीर्ती मुख्यतः फास्टर फेणे या वीस पुस्तकांच्या मालेवर उभी आहे. बनेश फेणे हा पुण्याजवळील फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवरून भटकतो, संकटात उडी घेतो आणि टाळूला जीभ लावून ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. या माला साहसकथांच्या म्हणून ओळखल्या जातात. पण त्या टिकल्या त्या निवेदनातील थट्टेखोरपणामुळे. लेखक स्वतःच कथेत एक पात्र म्हणून वावरतो आणि आपल्याच नायकाकडून मागे टाकला जातो. त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकवेड्या नायकाचे आडनाव बुकलवार आहे. इंग्रजी शब्दाला अस्सल मराठी आडनावाचा अंगरखा चढविण्याची ही खोडी मराठी बालविनोदाच्या एका मोठ्या साधनाकडे लक्ष वेधते. ते साधन म्हणजे भाषा.

भाषेतील क्रीडा : मराठी ही निरर्थिकाला विलक्षण अनुकूल भाषा आहे. तिच्यात ध्वन्यनुकारी क्रियाविशेषणांचा साठा मोठा आहे : टुणकन, धपकन, भुर्रकन, सुळकन, गुपचूप. प्रत्येक शब्द स्वतःच एक लहानसे चित्र काढतो. चहाबिहा, पुस्तकबिस्तक या तऱ्हेच्या प्रतिध्वनी शब्दांत दुसऱ्या भागाला अर्थ नसतो, तरी त्यावाचून बोलण्याला खुमारी येत नाही. म्हणजे निरर्थकता रोजच्या मराठी बोलण्यातच रुजलेली आहे. तीन लिंगांमुळे वस्तूंचे स्वभाव बनविणे सोपे जाते. तो चमचा, ती वाटी आणि ते ताट एकत्र आले की कुटुंब तयार. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव बनते, त्यामुळे कोणत्याही काल्पनिक गावातून क्षणात माणूस उभा करता येतो. मुलांनी स्वतः घडविलेली ‘च’ची भाषा हाही याच वृत्तीचा आविष्कार होय. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकावयाचे आणि आरंभी ‘च’ लावावयाचा : ‘पाणी’चे ‘चणीपा’ होते. ही भाषा कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक पोहोचते.

या सर्व सामग्रीचा सर्वांत समर्थ उपयोग ⇨ विंदा करंदीकर (१९१८–२०१०) यांनी केला. एटू लोकांचा देश (१९६३), परी ग परी (१९६५), अजबखाना (१९७४), पिशीमावशी आणि तिची भुतावळ (१९८१), अडम् तडम् (१९८५) इ. संग्रहांतून त्यांनी बालकवितेला एक संपूर्ण उलटे विश्व दिले. एटू लोकांचा देश असा आहे, की तेथे राजा आणि प्रजा हा भेदच उरलेला नाही. प्रौढांसाठीच्या कवितेत सामाजिक विषमतेवर प्रखरपणे लिहिणारा कवी मुलांसाठी लिहिताना तीच जाणीव गंमतीच्या पोटात ठेवतो. ती ज्याला दिसेल त्याला दिसावी, न दिसेल त्याचे काही अडत नाही. पिशीमावशीच्या भुतावळीत भीती हाच कच्चा माल आहे. मराठी घरांत मुलांना गप्प बसविण्यासाठी भुतांचा सर्रास वापर होई. करंदीकरांनी भुतांना घरगुती खोडी आणि खोड्या देऊन मोठ्यांच्या हातचे ते शस्त्रच काढून घेतले. त्यांच्या लयीही कोठून तरी आणलेल्या नाहीत. ओवी, मोजण्या, बडबडगीते यांतील ठेका त्यांनी घेतला व आशय नवा भरला. अडम् तडम् हे शीर्षक खेळातील मोजणीवरून आले आहे, ते उगीच नव्हे. मौखिक परंपरा आणि मुद्रित पुस्तक यांमधील दीड शतकाची फारकत या संग्रहांत प्रथमच पूर्णपणे मिटली, असे म्हणता येईल.

⇨ मंगेश पाडगांवकर (१९२९–२०१५) यांची बालगीते अधिक सुरेल आणि अधिक सुबोध आहेत. त्यांच्या प्रसिद्ध भोलानाथ गीतात दारोदार हिंडणाऱ्या नंदीबैलाला विचारावयाचे प्रश्न मूल आपल्या कामाचे करून घेते. पाऊस पडून शाळा बुडेल काय, याहून निकडीचा प्रश्न त्या वयात नसतो. गाणे म्हणून ही रचना घराघरांत गेली, परंतु नंदीबैलवाल्याचा फेरा शहरांतून जवळजवळ संपल्यामुळे आजच्या अनेक मुलांना भोलानाथ म्हणजे नेमका कोण, हे सांगावे लागते.

रंगमंच : नाटकात हे वाङ्मय सर्वाधिक धीट झाले. सुधा करमरकर (१९३४–२०१८) यांचे ‘लिटल थिएटर’ (१९५९) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची ‘बालनाट्य’ (१९६२) या मुंबईतील संस्थांनी मुलांच्या नाटकाला नियमित प्रेक्षक मिळवून दिला. मतकरींच्या निम्मा शिम्मा राक्षस, अलबत्या गलबत्या, अचाटगावची अफाट मावशी या शीर्षकांतच नादाचे काम अर्धेअधिक झालेले आहे. पु. ल. देशपांडे, विजय तेंडुलकर व सई परांजपे यांनीही या क्षेत्रात हौसेने लिहिले. तेंडुलकरांच्या इथे बाळे मिळतात मध्ये आईबाप आणि मुले यांच्या नात्यालाच बाजाराच्या भाषेत उलटे टांगले आहे. प्रौढांसाठी लिहिताना धारदार वाटणारा नाटककार येथे तितकाच धारदार, पण हसरा आहे. अलबत्या गलबत्यामधील चेटकीण प्रारंभी दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली होती. हे नाटक २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा वैभव मांगले यांच्या चेटकिणीला त्या वेळच्या मुलांनी तितकीच दाद दिली.

चित्रे व निर्मिती : विनोदी बालपुस्तकाचा अर्धा विनोद चित्रात असतो. रंगीत छपाईचा खर्च, लहान आवृत्त्या आणि पुस्तक स्वस्तच असले पाहिजे हा पालकांचा आग्रह, या तीन कारणांनी मराठी पुस्तके दीर्घकाळ एकरंगी रेखाचित्रांवर भागवीत राहिली. या अवस्थेत पाठ्यपुस्तक मंडळाने दोन मोलाची कामे केली. पहिले म्हणजे नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले किशोर मासिक : अल्प किंमत, चांगले कागद-चित्र आणि राज्यभर वितरण यांमुळे ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते त्या घरातही ते गेले. त्याचे जुने अंक आता संगणकीकृत स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. दुसरे काम म्हणजे प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी शि. द. फडणीस यांच्याकडून चित्रे काढून घेणे. हास्यचित्रकाराच्या हाती गणित देण्याचा निर्णय धाडसाचा होता. बेरीज-वजाबाकीच्या पानावर हसावयास हरकत नाही, हे त्यामुळे लाखो मुलांना कळले. सोव्हिएट प्रकाशनगृहांची मराठी रंगीत चित्रपुस्तकेही १९९१ पर्यंत अत्यल्प किमतीत मिळत. त्या पुरवठ्याच्या अंताने पडलेली उणीव पुढे देशी प्रकाशकांनी हळूहळू भरून काढली. या संदर्भात ज्योत्स्ना प्रकाशनाचे काम विशेष उल्लेखनीय आहे.

अलीकडील लेखन : प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हा गोट्या-फेणे परंपरेचा शहरी वारस. या मालेला साहित्य अकादेमीचा बाल साहित्य पुरस्कार २०११ मध्ये मिळाला. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या चिंटू या चित्रमालिकेने १९९१ पासून वृत्तपत्राच्या तीनचार चौकटींत रोजचे घर मांडले. माधुरी पुरंदरे (ज. १९५२) यांच्या चित्रपुस्तकांत लेखन व चित्र एकाच हातचे आहे. त्यांचा विनोद मोठ्याने हसवीत नाही. मुलाच्या हट्टातील तर्क तो इतक्या प्रामाणिकपणे मांडतो, की पालकाला आपले घर ओळखू येते. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘प्रथम बुक्स’ने स्वस्त बहुभाषिक पुस्तिकांतून मराठी वाचकवर्ग वाढविला; त्यांतील अनुवादांची मराठी मात्र सर्वत्र सारखी जिवंत नाही. श्लेष आणि नाद हे अनुवादात प्रथम गळतात, आणि विनोदी बालपुस्तकात बहुधा तेच पुस्तकाचे प्राण असतात.

ग्रामीण मूल आणि विनोद : वर उल्लेखिलेले नायक बहुतेक सर्व पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतले आहेत. फेणे फुरसुंगीचा खरा, पण त्याची शाळा पुण्यात. ग्रामीण जीवनातील विनोद शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी विपुल लिहिला; तो प्रौढांसाठी होता, आणि मिरासदारांच्या व्यंकूची शिकवणी सारख्या कथा पाठ्यपुस्तकांमुळे मुलांच्या वाट्याला आल्या. खास मुलांसाठीच्या पुस्तकांत खेडवळ पात्र, गडीमाणूस, तोतरे किंवा जाड मूल यांच्याकडे हसण्याचे विषय म्हणून पाहिले गेले. बोलीतील उच्चारांची नक्कल करून हशा मिळविण्याची सवय तर नामवंतांनाही होती. ज्या मुलाची ती बोली असते, त्याच्यासाठी असे पुस्तक विनोदी राहत नाही.

ही उणीव एका ठिकाणच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पुणे जिल्ह्यात बारामतीलगत, इंदापूर तालुक्यातील भवानीनगर हे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या या ऊसपट्ट्यात दर गळीत हंगामात मराठवाडा व अहिल्यानगर भागांतून तोडणी कामगार मुलाबाळांसह येतात. अशा मुलांचे वर्ष गाव आणि फड यांत विभागलेले असते. त्यांच्यासाठी राज्यात अनेक कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्यात आल्या. या मुलाच्या शब्दसंग्रहात कोपी, पाचट, मोळी, वाढे, टायरगाडी, मुकादम असे शब्द असतात. तोडणीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे कागदोपत्री या मुलाचे आईवडील मिळून एक कोयता असतात. कोणत्याही निरर्थिक कवीला सुचावी अशी ही कल्पना, त्या मुलाच्या घरात रोजच्या व्यवहाराची आहे. वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून अंधारात कारखान्याच्या दिव्यांकडे निघालेली बैलगाडी, रात्रभर धुरांड्यातून निघणारी वाफ, मळीचा वास, बैलांची नावे आणि त्यांचे स्वभाव, ही सारी अद्भुतरम्य कथेची तयार सामग्री होय. ऊसतोडणीवरील मराठी लेखन बहुतेक सर्व शोषणाच्या बाजूने झाले आहे, आणि ते आवश्यकच होते. परंतु त्या मुलांना हसताही येते, त्यांच्याही खेळांत वाघ भोपळ्याला फसतो, याची दखल छापील पुस्तकाने फारशी घेतलेली नाही.

काही प्रमाणात ती दखल मुलांनी स्वतःच घेतली आहे. ग्रामीण भागातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा वर्षाअखेरीस मुलांच्या लेखनाची हस्तलिखिते तयार करतात. त्यांत प्रारंभीची पाने सुविचार, थोर पुरुषांची चरित्रे आणि वृक्षारोपणावरील निबंध यांनी भरलेली असतात. कोडी, खोट्या बातम्या, गुरुजींच्या सायकलीवरची गाणी आणि गावातल्या बोक्याच्या करामती सहसा शेवटच्या पानांवर असतात, आणि पाने झिजतात ती तीच.